कामवाल्यांच्या छातीचा फोटो

फाटकाबाहेर गोणी ठेवलेली होती. तिच्यात कुकर, दोन तवे, कढई, पळ्या, पोळपाट. ज्या घरात मी नऊ वर्षं स्वयंपाक केला, त्या घरातली भांडी.

पहारेकऱ्याने आत-बाहेरची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा फोन माझ्यासमोर धरला. "दीदी, आपके नाम पे लाल आ रहा है. अंदर नहीं छोड़ सकता." मग गोणीकडे बोट दाखवलं. "मॅडम बोलीं, ये आप ले जाओ."

माझ्यामागे कामाला आलेल्या बायकांची रांग होती. ती दोन पावलं मागे सरकली. त्यात माझ्या गल्लीतल्याही होत्या.

मी गोणीला हात लावला नाही. तशीच वळले.

झालं होतं ते असं. आदल्या रविवारी बनशंकरीतल्या त्या अपार्टमेंटमध्ये टीबीच्या तपासणीची गाडी आली. छातीचा एक्स-रे, फुकट. चांगली गोष्ट. पण रांगेत फक्त कामवाल्या, ड्रायव्हर, पहारेकरी, झाडूवाले. फ्लॅटमधलं एक माणूस नाही. मंगळसूत्र काढा, श्वास धरा, सोडा. मशीनवरच्या मुलीने मला बाजूला घेऊन हळू सांगितलं, "अक्का, वर डाग दिसतोय. जुनाही असेल. थुंकी तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही."

ती हळू बोलली. असोसिएशनच्या सेक्रेटरीने मात्र यादी मागून घेतली आणि संध्याकाळच्या आत माझं नाव, मी काम करते ते चार फ्लॅट, सगळं व्हॉट्सॲपवर टाकलं.

फाटकावरून मी सरळ सरकारी दवाखान्यात गेले. थुंकी दिली. दोन दिवसांनी कागद मिळाला. जंतू नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी झाला होता?"

झाला होता. सतराव्या वर्षी, निपाणीला, तंबाखूच्या वखारीत कामाला होते तेव्हा. गोळ्या पुऱ्या केल्या, बरी झाले. त्याचाच व्रण. तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

कागद घेऊन फाटकावर गेले. सेक्रेटरी आला, गोणी पाठवणारी मॅडमही खाली आली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या कन्नड शहरातलं, पण घरात मराठी. म्हणून मी तिला कायम 'आपली' होते.

"रागावू नको गं अक्का. घरात बाळ आहे. आता सगळं सरी, ठीक झालं ना?"

"तुमचे आजोबा दसऱ्यापासून खोकतायत. काढा मीच करून देते. त्यांचा फोटो काढला का?"

"ते घरातले आहेत."

"खोकला घरातला-बाहेरचा असतो होय?"

ती सेक्रेटरीकडे बघू लागली. त्याने एक इंग्रजी कागद आणि पेन पुढे केलं. "स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. सगळ्यांच्याच सह्या घेतोय."

"कन्नडमध्ये वाचून दाखवा."

त्याने अर्धा वाचला. दर सहा महिन्यांनी एक्स-रे. मास्क. ये-जा सामानाच्या लिफ्टने.

"खालचं?"

खालचं त्याने भराभर वाचलं. रिपोर्ट थेट असोसिएशनला जाणार, आणि शंका आली तर न विचारता काम बंद.

"फ्लॅटवाल्यांनी सही केली?"

"ते मालक आहेत."

"घराचे. माझ्या छातीचे नाहीत."

पेन त्याच्या हातात परत दिलं. बाकीच्या बायकांनी सह्या केल्या. मी त्यांना दोष देत नाही. माझी चारही घरं गेली.

शेजारची यल्लव्वा त्याच अपार्टमेंटमध्ये भांडी घासते. महिनाभर खोकत होती. तपासणीच्या दिवशी गावाला जाते म्हणून घरात बसून राहिली. आता तरी दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, "तुझं काय केलं ते बघितलं. मी खोकला गिळते."

गोणी बघून मला राग आला होता. या वाक्याने भीती वाटली. कारण ती जे करत होती तेच मी तीस वर्षं केलं होतं. फ्लॅटवाल्यांना आमच्या तोंडाला कुलूप लावायची गरजच नव्हती. आम्हीच लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. ती येत नव्हती. मी म्हटलं, "मला झाला होता टीबी. बघ, उभी आहे की नाही." तेव्हा चप्पल घातली तिने.

तिला टीबी निघाला. गोळ्या चालू आहेत.

आता आमच्या वस्तीत तपासणीची गाडी येणार आहे. मी दारोदार सांगत फिरते. फोटो काढा. कागद आपल्या हातात घ्या, दुसऱ्याला देऊ नका. काही जणी दार लावून घेतात. मी पुन्हा जाते.

नवीन घरी काम मागायला गेले तर पहिल्याच दिवशी सांगणार. टीबी झाला होता, बरी झाले. ठेवायचं तर ठेवा. पण माझं नाव कुठल्या यादीत लावलंत, तर पोलीस ठाण्यात जाऊन तुमचं नाव मी लिहून देईन.