दहा पाट्या आणि आमची कपाटं

काउंटरवर बसून पुस्तकं देताघेता किस्से इतके साचतात, की त्यांना वेगळं कपाट लागावं! घाटंजीजवळच्या आमच्या वाचनालयात ई-रीडर आले, त्या साली तर कपाटही पुरलं नसतं. बोंडअळीनं कापूस खाल्लेला, लोक हवालदिल. आणि कुण्या दानशूरानं आम्हाला पाठवलं काय? वाचायच्या दहा इलेक्ट्रिक पाट्या!

*

उद्घाटनाला पाहुणे गरजले, "आता कागदाचा जमाना संपला!" टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य काही आठवेना. खिसे चाचपत माझ्या कानाशी आले, "अहो, माझा भाषणाचा कागद पाह्यला काय?"

*

तांड्यावरचे राठोडभाऊ मोठ्या हौसेनं एक पाटी घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. तांड्यावर लाइन नाही, चार्जिंग खतम. माझ्यावरच तडकले, "मोटरले लाइन नाही, चक्कीले लाइन नाही, आता कादंबरीलेही लाइन लागते काय?"

*

एक गोष्ट कबूल करतो. एसटीतून रिटायर झालेले वानखडे कंडक्टर मोतीबिंदूनं बेजार. त्यांना अक्षरं मोठी करून दिली, तर गडी खूश! आठ दिवसांनी पाटी काउंटरवर आपटलीच. "बाप्पा! एका पानावर चार शब्द. नायिका दार उघडेपर्यंत माहा अंगठा दुखला ना!"

*

तरी आमचे सेक्रेटरी हटून बसले. "पाट्यांत सगळी पुस्तकं आहेत. कपाटं रिकामी करा, सोमवारी रद्दीवाला येतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! ज्यांनी दहा वर्षांत एक पुस्तक घरी नेलं नाही, ते हे ठरवणार?

तेवढ्यात मेश्रामबाई आल्या. त्यांचे यजमान, मेश्राम मास्तर, वारून वर्ष झालं होतं. आमच्या जुन्या वाचकांची एक खोड आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा नेऊ नये, म्हणून एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली खूण करायची. मास्तरांची खूण म्हणजे बारीकसा 'मे'. बाई दर आठवड्याला कपाटापाशी उभ्या राहून फक्त एकविसावं पान उघडायच्या, आणि 'मे' दिसला की तेच पुस्तक घरी न्यायच्या.

सेक्रेटरींनी त्यांच्या हातात पाटी दिली. "बाई, मास्तरांनी वाचलेली सगळी पुस्तकं यात आहेत."

बाईंनी एक पुस्तक उघडून मागितलं. बोटानं पानं सरकवत मोजली. एकविसाव्यावर थांबल्या, चष्मा पुसला, कोपरा डोळ्यांजवळ नेऊन पाह्यला आणि पाटी परत दिली.

"नाही साहेब, हे त्याइनं वाचलं नाही."