वाटे मी केले, उचलले तिने

आमच्याकडे शेती होती तेव्हापासूनची एक रीत आहे. वाटणीत थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी एक उचलायचा. वाटे करणाऱ्याला उरलेलं घ्यावं लागतं, म्हणून तो लबाडी करत नाही, असं समजतात. मी केली.

आई गेली तेव्हा नल्लकुंट्याचं घर तिच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. वारस आम्ही दोघी बहिणी. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर तेवढाच एक पोर्शन, त्याला बाहेरून जिना. शिवाय आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ. नवरा गेल्यापासून मी खालीच आईजवळ राहत होते. शेवटची नऊ वर्षं तिचं सगळं मीच केलं, हगणं-मुतणं धरून. बहीण मलकपेठेत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायची. रविवारी मोसंबी घेऊन यायची. आई आठवडाभर त्या मोसंब्यांचं कौतुक करायची, आणि सोलून मी द्यायचे.

मी चौथीत होते तेव्हा ही बहीण जन्मली. हिला सांभाळायला म्हणून माझी शाळा सुटली. ही पुढे कॉलेजात गेली, बँकेत लागली. माझ्या लग्नात माळ आईच्याच गळ्यात होती. हिच्या लग्नात हिच्या गळ्यात. नंतरही प्रत्येक कार्यात आई कपाटातून माळ काढायची ती हिच्यासाठीच. "हिला शोभते," म्हणायची. मी समोर उभी असायचे.

आईला जाऊन महिना उलटल्यावर चुलतभाऊ आला. "वकील नक्को, कोर्ट नक्को," तो म्हणाला. "अक्का, तू वाटे कर, ती उचलेल."

मला खालचं घर हवं होतं. माझे गुडघे गेलेत आणि जिना बावीस पायऱ्यांचा. दुसरं काही नको होतं. पण ते बोलायचं म्हणजे हिच्याकडे मागायचं, आणि हिच्याकडे मी काही मागणार नव्हते. मी कागदावर मोठ्या अक्षरात दोन वाटे लिहिले. पहिला, खालचं घर. पावसात नाल्याचं पाणी आत येतं, तेही लिहिलं. दुसरा, वरचा पोर्शन, गच्ची आणि माळ. माळ बघून ती दुसराच उचलणार याची मला खात्री होती. तिच्या जागी मी असते तर तोच उचलला असता.

तिने चष्मा लावला. कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मी खालचं घेते," ती म्हणाली.

चुलतभाऊ हसला. "पावसात पोहणार काय तू? माळ सोडलीस की!"

"माळ अक्काला राहू दे. मी घातली की ही पंगतीत बसूनसुद्धा माझ्या गळ्याकडे बघायची. मला काय दिसत नव्हतं?"

हे ती चांगल्या मनाने बोलली. तेच वाईट झालं. शिवी दिली असती तर मला परत देता आली असती.

"मला नको माळ," मी म्हणाले. "मला खालचं घर पाहिजे."

"मग माळ वरच्या वाट्यात कायकू टाकलीस?" भावाने विचारलं.

"ही उचलेल म्हणून."

भाऊ छताकडे बघायला लागला. बहिणीने चष्मा काढला. मला वाटलं, आता भांडेल.

"अगं, तोंडाने म्हणाली असतीस तर तसंच दिलं असतं. घे, खालचं तूच घे. माळही घे. मला काय करायचीय?"

सगळं मिळत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण मला दिसलं, ही मलकपेठेत जाऊन सुनेला सांगणार, अक्काला दोन्ही देऊन आले. सगळे म्हणणार, केवढं मोठं मन! नऊ वर्षं केलं मी, आणि मन मोठं हिचं.

"उचललंस ते तुझं," मी म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

"अक्का, जिना चढवेल का तुला?"

"चढवेल. तू नको काळजी करू."

"दोघींची डोकी फिरलीत," भाऊ म्हणाला आणि आमच्या सह्या घेतल्या.

मी वर राहायला गेले. माळ कपाटात आहे. घालून जाऊ कुठे? वर्षाच्या आत बहिणीचं सुनेशी बिनसलं आणि ती खाली राहायला आली. पावसात पाणी शिरलं तेव्हा दोन दिवस माझ्याकडे होती, माझ्याच पलंगावर, आणि आईने हिला कसं फुलासारखं वाढवलं ते मलाच सांगत होती.

आता रोज दुपारी खालून हाक मारते, "अक्का, चहा टाकलाय, उतरतेस का?"

"तूच घेऊन ये," मी म्हणते.

ती थर्मास घेऊन चढते. तिचेही गुडघे आता दुखतात. जिन्याच्या वळणावर ती थांबते, धापा टाकते. ते मला वर ऐकू येतं आणि मला बरं वाटतं. खोटं कशाला लिहू?