कापलेली पानं

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि समुद्रपुरात जो तो तोंडाचा पट्टा सोडून बोलत होता. एस.टी. स्टँडमागच्या आमच्या वाचनालयालाही ती हवा लागली. कादंबऱ्यांचं कपाट ओस पडलं आणि समाज-राजकारणाच्या जाड पुस्तकांवर उड्या पडू लागल्या. वाचनालय चालवणाऱ्या निवृत्त गुरुजींनी मग नियमच काढला: असलं पुस्तक जो घरी नेईल, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर दहा मिनिटं त्यावर बोलायचं.

मी तेव्हा पंचविशीतला, तहसील कचेरीत कारकून. बोलायला मला पुस्तक वाचावं लागत नसे. प्रस्तावना वाचायची, शेवटचं पान वाचायचं आणि मधे दोनदा 'पण मूळ प्रश्न वेगळाच आहे' असं म्हणायचं. कापसाचे व्यापारीसुद्धा माना डोलवत. एवढ्या भांडवलावर मी गावातला विचारवंत झालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

अडचण एकच. त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेनं जोडलेलीच यायची. वाचता वाचता सुरीनं कापत जायचं. मी पहिली आठ-दहा कापायचो, शेवटचं कापायचो, मधली तशीच. पुस्तक परत करताना ते कोणी उघडू नये म्हणून ढिगाच्या तळाशी सरकवायचो.

एकदा बायकांच्या कष्टांवरचं पुस्तक नेलं. रविवारी मी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी ते चाळलं.

"अरे वा! सारे पानं कापले! वाचावं तर असं. आज राहू दे, पुढच्या रविवारी चांगला तासभर बोल. अन् सातव्या प्रकरणावर तर बोलजोच."

मी गारच पडलो. सातवं प्रकरण आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पुस्तक परत घरी आणून पाहिलं, तर पानांच्या कडेला जागोजाग हळदीच्या बोटांचे पुसट डाग. आमच्या घरात हळदीचे हात एकाच माणसाचे.

"वयनी, हे पानं तुमी कापले?"

दादाची बायको तुरीची डाळ निवडत बसली होती. "हो, विळीनं. काऊन भाऊजी, खराब झालं काय?"

डाळ निवडता निवडता तिनं मला सातवं प्रकरण सांगितलं. घरातल्या ज्या कामाला कोणी कामच म्हणत नाही, त्याबद्दल होतं ते. वर तिनं स्वतःचंही जोडलं: "दिवसभर वावरात कापूस वेचून घरी आली, तं तुमचे दादा म्हणते, आता जरा कामाले लाग."

रविवारी मी हे जसंच्या तसं सांगितलं. लोक खो खो हसले, मग एकदम गप्प झाले. टाळ्या तर अशा पडल्या की मी घरी तरंगतच आलो.

"ते दादाचं सांगतलं काय?" वहिनीनं विचारलं.

"सांगतलं ना. लय हसले लोकं."

"अन् कोणं म्हटलं म्हणून सांगतलं?"

मी मान खाली घालून ताटावर बसलो.

"मंग भाऊजी, सातवं प्रकरण तुमाले समजलंच नाई," असं म्हणून तिनं माझ्या ताटात भाकर वाढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज मला त्याआधी कशाचीच वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी मी निघालो तेव्हा तिला सांगूनच निघालो. वाचनालयात उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं: पुस्तक मी वाचलंच नव्हतं, पानं वहिनीनं कापली, मागचं भाषण तिचं. मग गुरुजी डोळे पुसत उठले.

"पाहा, याले म्हणते विनय! सारं श्रेय घरच्या बाईले देऊन राह्यला."

टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

घरी वहिनी दारातच उभी होती. "काय म्हणले लोकं?"

मी खाली वाकून बराच वेळ चपला काढत राहिलो.