बाळंतपणाची रजा आणि तात्यांचं उपरणं

माझ्या बायकोच्या बाळंतपणाची रजा आमच्या तात्यांनी बैलबाजाराच्या रीतीनं मिळवली.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. केडगावच्या एका तेलगिरणीतून मला कारकुनाच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. शालनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, तेव्हा सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिला आई नव्हती, आणि मलाही नव्हती. घरात बाईमाणूस एकच, आणि बाळंत व्हायचं होतं नेमकं तिलाच!

"रजेचं आधी इचारा," शालननं बजावलं. "न्हाई म्हनले तर ऱ्हाऊ द्या ती नोकरी. मी एकटी आडले तर हाक कुनाला मारू?"

ती बाळंतपणाला घाबरली होती. मीही घाबरलो होतो. (मी साहेबाला.) म्हणून चुलत्यांना, तात्यांना, सोबत नेलं. तात्या काष्टीच्या बाजारातले बैलांचे नावाजलेले दलाल.

साहेब पुण्याचे, गळ्यात टाय. त्यांनी नोकरी देऊ केली. मी घाम पुसत म्हणालो, "साहेब, बाळंतपणाची रजा मिळेल का?"

"कुणाला?"

"मला."

साहेबांनी चष्मा काढून माझ्या पोटाकडं पाहिलं. "कितवा महिना?"

शेजारी बसलेला हेडक्लार्क हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "मला पाच पोरं झाली, एक दिवस रजा घेतली नाही!" म्हणाला. (काय ती कर्तबगारी! जणू पाची वेळा हाच बाळंत होऊन संध्याकाळी कामावर आला होता!)

"मला तर मुलगा झाल्याचं पोस्टकार्डानं कळलं," साहेबांनीही छाती काढून सांगितलं.

मी 'राहू द्या साहेब' म्हणणार, इतक्यात तात्या उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर दणकन थाप मारली.

"माल बघा सायेब! मान खाली घालून वढतो. मारका न्हाई. दात दावू का?"

आणि माझा जबडाच धरला! मी निमूटपणे तोंड उघडलं. (नोकरीसाठी माणूस काय काय करतो!)

मग तात्यांनी खांद्यावरचं उपरणं साहेबांच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. काष्टीच्या बाजारात आकडा तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. साहेबांना हे काय ठाऊक! त्यांना वाटलं, लाच!

"अहो, हे काय? मी असलं काही घेत नाही! सोडा!"

तात्यांनी बोटं आणखी आवळली. साहेब हात ओढायला लागले, तसे तात्या खूश! "चढतोय, सायेबाचा आकडा चढतोय!" मला डोळा मारत म्हणाले. खुर्ची उलटली, टाय शाईच्या दौतीत बुडाला, आणि आरडाओरडा ऐकून अख्खी गिरणी दारात गोळा झाली.

"सगळ्यांदेखत सांगतो, मी काही घेतलेलं नाही!" साहेब किंचाळले. "याला काय रजा पाहिजे ती घेऊ दे, पण माझा हात सोडवा!"

तात्यांनी हात सोडला. "तीन बोटं दिली सायबानं. तीन हप्त्यांची रजा! ठरलं!"

सगळी गिरणी साक्षीला. साहेबांना शब्द फिरवता येईना.

शालनला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणीला पळत जाऊन आणायला मी घरी होतो. मुलगी झाली. मला इतका आनंद झाला की मी सुईणीच्याच पाया पडलो. इथपर्यंत माझा उपयोग झाला. पुढं मी पिठलं करपवलं, शेकायची शेगडी लाथाडली, धुतलेल्या दुपट्यानं कंदील पुसला. पोरगी रडायला लागली की मी असा काही गडबडायचो, की सुईण आधी मला गप्प करायची.

आठवडाही झाला नव्हता. शालन बाजेवरनं म्हणाली, "एक तान्हं मला लई झालं. तुमी कामावर जा बरं!"

दुसऱ्या दिवशी मला दारात बघून साहेब दचकले. माझ्यामागं तात्या नाहीत ना, ते त्यांनी आधी वाकून पाहिलं.

"अहो, तुमची रजा तर अजून बाकी आहे!"

"रजा आहे साहेब," मी म्हणालो, "पण घरच्यांनी कामावरून कमी केलं!"