मागच्या बाकाचा कौल

गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारा बसतो, त्याला तिचं खरं नाव ठाऊक नाही. दूधवाल्याला नाही, पोस्टमनला तर मुळीच नाही, तो पाकिटावरचं नाव वाचून गोंधळतो आणि विचारतो, "हे मादामचंच का?" सत्तावीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवून तिने एवढं कमावलं होतं. सगळं गाव तिला मादाम म्हणायचं. ज्या देशाची भाषा ती शिकवायची, तो देश तिने नकाशाखेरीज कुठे पाहिला नव्हता. पण हे तिला कुणी विचारायला धजत नसे.

तिचे वडील केस कापायचे. दोन खुर्च्यांचं दुकान, समोर भिंतभर आरसा, फळीवर एक जुना रेडिओ. भर दुपारी गिऱ्हाईक नसायचं. वडील वर्तमानपत्र तोंडावर घेऊन खुर्चीतच डुलकी काढायचे. तेव्हा रेडिओवर कुठल्याशा दूरच्या केंद्रावरून फ्रेंचचे धडे लागत. तेरा वर्षांची पोर, हातात केरसुणी, पायाशी कापलेले केस, आणि समोरच्या आरशात स्वतःचे ओठ. रेडिओतली बाई सांगायची, शिट्टी वाजवायला करतात तसे ओठ करा आणि आतून ई म्हणा. ही करायची. शंभरदा चुकायची. रेडिओतली बाई पुढच्या शब्दाकडे निघून गेलेली असायची. अशा रीतीने एक अख्खी भाषा त्या दुकानात तिच्या तोंडात येऊन बसली.

पुढे टपालाने परीक्षा दिल्या, पदवी झाली, शाळेत नोकरी लागली. वडील गेले, दुकान गेलं. गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायचे लहान गोल आरसे तेवढे तिने ठेवून घेतले. होते सहा. पुढे बाजारातून आणून आणून तिने तीस केले. तिच्या वर्गात वहीच्या आधी आरसा मिळायचा. पहिले सहा आठवडे पुस्तक बंद, आरसा समोर. "ओठ बघा, ओठ! कान फसवतात, ओठ फसवत नाहीत," असं म्हणत ती बाकांमधून फिरायची. तास संपला की स्वतः तीसही आरसे फडक्याने पुसून लाकडी खोक्यात ठेवायची. शिपायाला हात लावू द्यायची नाही.

ती शाळेत आली तेव्हा फ्रेंच शिकवायला जुने सर होते. सरांचं शिकवणं म्हणजे क्रियापदांचे तक्ते. आज दहा तक्ते उतरवा, उद्या वीस. पोरांची बोटं सुजायची, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. नव्या पुस्तकावरून दोघांचं वाजलं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांसमोर ही तरणीताठी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या बाकावरची पोरं दगडाकडूनही शिकतात. तुमचं नि माझं पुस्तक मागच्या बाकावरच्या पाच पोरांना आठवडा-आठवडा द्या. ती म्हणतील ते खरं. पण पोरांनी तोंडाने सांगायचं, आणि शिकवणाऱ्याने समोर उभं राहून ऐकायचं."

पाचही पोरांनी हिचं पुस्तक उचललं. सर समोर उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं, "पोरांचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि वर्ष संपताच घरी बसले. तेव्हापासून शाळेत तो रिवाजच पडला. गणिताचं पुस्तक असो, विज्ञानाचं असो, निवड मागच्या बाकाच्या कौलाने. त्या पहिल्या पाचांतला एक वांड पोरगा पुढे शिकला-सवरला आणि त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. मादामला पाहिलं की अजून तो खुर्चीतून अर्धा उठायचा.

यंदा वरून पत्रक आलं. नववी-दहावीच्या दुसऱ्या भाषेसाठी प्रत्येक शाळेने एक मान्य अभ्यासक्रम निवडायचा आणि पाच वर्षं तोच चालवायचा. फ्रेंचसाठी तीन आले. एकाच्या पानापानावर उंच मनोऱ्याचं चित्र होतं आणि आत काहीच नव्हतं. तो मादामने पहिल्याच दिवशी बाजूला सारला. दुसरा निळ्या जाड पुस्तकाचा, बाईंनी वर्गात शिकवायचा. तिसरा खोक्यातून आला. कानाला लावायचे हेडफोन, समोर पडदा, पडद्यातून आवाज. त्याच्यासोबत टाय बांधलेला एक माणूस आला.

"मुलं आपापल्या गतीने शिकतात, मादाम," टायवाला म्हणाला. "दमत नाही, रागवत नाही, रजेवर जात नाही."

"आणि मी काय करायचं?" मादामने विचारलं.

"तुम्ही मार्गदर्शक. देखरेख ठेवायची. हेडफोन द्यायचे, घ्यायचे."

"म्हणजे मोलकरीण."

टायवाला हसला. हसायचं होतं की नाही हे न कळल्यासारखा अर्ध्यावर थांबला. मुख्याध्यापक म्हणाले, "मादाम, समितीत तुम्ही आहात, सही तुमची आहे. तुम्ही म्हणाल ते."

"मी कशाला म्हणू?" ती ताठ मानेने म्हणाली. "मागचा बाक म्हणेल."

तिला खात्री होती, हे इथे सांगितलं पाहिजे. आपल्या आरशांवर तिचा जेवढा भरवसा होता, तेवढा कुणाचा देवावरही नसेल.

पाच पोरं निवडली. त्यांत एक ढांगळा होता, त्याचे पाय बाकाखाली मावत नसत. दोघं जुळे. एक चष्मेवाली. आणि पाचवी बेकरीवाल्याची मुलगी. तिला वर्ग मौनी म्हणायचा, कारण वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती हात वर करायची. मादाम तिच्यापुढे थांबायची, आरसा धरायची, "कर बाळ, ओठ कर," म्हणायची. मुलगी लालबुंद व्हायची, ओठ घट्ट मिटायची. मादाम उसासा टाकून पुढे जायची.

पहिला आठवडा निळ्या पुस्तकाचा. मादामने असं शिकवलं, असं शिकवलं की शिपाई दारात येऊन उभा राहायचा. दुसरा आठवडा पडद्याचा. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पाच खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. मादामने तिकडे पाऊल टाकलं नाही. आपण गेलो तर पोरांवर दडपण येईल, म्हणाली.

शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत कौल. तिच्याच नियमाप्रमाणे ती समोर उभी राहिली.

ढांगळा म्हणाला, "पडदा."

"का रे?"

"चुकलं तरी त्याच्या तोंडावर काही दिसत नाही."

"म्हणजे माझ्या दिसतं?"

ढांगळ्याने बुटांकडे पाहिलं. जुळ्यांतला एक पटकन म्हणाला, "तुम्ही ओरडत नाही हां मादाम, कधीच नाही. पण तुम्ही असं... असं करता." त्याने खांदे पाडले आणि हळूच उसासा टाकला. नक्कल इतकी हुबेहूब होती की दुसरा जुळा फिस्सकन हसला आणि मुख्याध्यापकांनी खोकल्याचं सोंग केलं.

चष्मेवाली सगळ्यांत शेवटी बोलली. "आणि ते आरसे. मला आरशात माझं तोंड बघवत नाही. दात पुढे आहेत ना. तुम्ही म्हणता ओठ बघा. मला दातच दिसतात. सगळ्यांना तसंच होतं, मादाम. मुलगे म्हणतात मिसरूड दिसते, कुणी म्हणतं पुटकुळ्या दिसतात. तुमच्या तासाच्या आधी आम्ही प्रार्थना करतो की आज आरसे नकोत."

"वर्षभर?" मादामने विचारलं.

"ताईच्या वेळेपासून," चष्मेवाली म्हणाली. तिची ताई सहा वर्षांपूर्वी दहावी झाली होती.

मग मौनी पुढे आली. टेबलावरच्या हेडफोनवर तिने हात ठेवला आणि ठेवूनच उभी राहिली.

पोरं गेल्यावर मुख्याध्यापक बराच वेळ कागद सरळ करत होते. मग म्हणाले, "मादाम, पोरं नव्या खेळण्याला भुललीत. तुम्ही तसा शेरा मारा, 'चाचणी ग्राह्य धरता येत नाही.' मी वर पाठवतो. निळं पुस्तक येईल. सोमवारी दुपारपर्यंत कागद जायला हवा."

"आणि रिवाज?"

"रिवाज तुम्हीच पाडलात. तुम्ही मोडलात तर कोण विचारणार आहे?"

घरी धाकटी बहीण वाट पाहत होती. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. धाकटी दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "ताई, तुला तरी कोण माणूस शिकवायला होता गं? खोकंच होतं."

"रेडिओ वेगळा."

"वेगळा कसा? बाबा घोरत होते म्हणून शिकलीस. ते जागे असते ना, तर तूही तोंड उघडलं नसतंस. मी दारातून बघायचे, माझी चाहूल लागली की गप्प व्हायचीस."

मादाम ताटावरून उठली.

शनिवारी ती जुन्या सरांकडे गेली. इतक्या वर्षांत एकदाही गेली नव्हती, रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जायची. सर ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत. ती स्वतःच बसली.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, पोरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मनापासून म्हणालात का, सर?"

"छे!" सर म्हणाले. "मनात म्हटलं, या बयेचं तोंड पुन्हा दिसू नये."

"मग तसं का म्हणालात?"

"पोरं समोर उभी होती ना." सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "का? तुझी पाळी आली का?"

तिने मान डोलावली. सर हसतील असं तिला वाटलं. ते हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उन्हाकडे बघत राहिले आणि जरा वेळाने त्यांनी हलक्या आवाजात क्रियापदाचा एक तक्ता म्हणायला सुरुवात केली. सहाही रूपं बिनचूक म्हटली. उच्चार भयंकर होते. मादामने दुरुस्त केले नाहीत. जायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "घरी काय करावं ते कळत नाही बघ. पहिली दहा वर्षं फार लांब असतात."

सोमवारी ती घंटेच्या आधी तासभर शाळेत आली. कागद पर्समध्ये होता, शेरा मनात तयार होता. चाचणी ग्राह्य धरता येत नाही. पुसट होऊ नये म्हणून नवं पेनही घेतलं होतं. ग्रंथालयात बसून लिहावं म्हणून ती गेली, तर दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता.

पडद्याचा नव्हता. पडद्याचा आवाज तर कानातच जिरतो. हा मुलीचा आवाज होता. जरा जाडसर, न वापरलेला. तो एक वाक्य म्हणत होता, थांबत होता, पुन्हा म्हणत होता. त्यातला तो शिट्टीचा ई इतका नितळ होता की मादामचे स्वतःचे ओठ नकळत तसे झाले. सत्तावीस वर्षांत तिच्या वर्गातल्या कुणाच्या तोंडून तो असा आला नव्हता.

तिने दार ढकललं. भिंतीकडे तोंड करून बेकरीवाल्याची मुलगी बसली होती, केसांवर हेडफोन. चुकली तेव्हा ती स्वतःशीच खुदकन हसली आणि पुन्हा म्हणाली. मग काचेच्या कपाटात तिला मादामचं प्रतिबिंब दिसलं. तोंड मिटलं. हेडफोन निघाले. ती उठून उभी राहिली, लालबुंद.

"म्हण ना, बाळ," मादाम म्हणाली. "छान म्हणत होतीस."

मुलीने मान खाली घातली.

"एकदाच. मी डोळे मिटते हवं तर."

मादामने खरोखर डोळे मिटले. अर्धं मिनिट ती तशी उभी होती. तिला पावलांचा आवाज आला, दाराचा आला. डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

तिथेच बसून तिने सही केली. पडद्याच्या रकान्यात. अक्षर वळणदार आलं. तिचं अक्षर नेहमीच चांगलं होतं. मुख्याध्यापकांनी कागद पाहिला, खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

नव्या वर्षापासून ग्रंथालयात तीस खुर्च्या आहेत, सगळ्या भिंतींकडे तोंड करून. आरशांचं खोकं कपाटावर ठेवलं आहे. त्यावर हजेरीचा गठ्ठा असतो. मादाम पोरांना हेडफोन देते, तास संपला की परत घेते, एकेक फडक्याने पुसते. शिपायाला अजून हात लावू देत नाही. पहिल्या दिवशी ती खोलीच्या मध्यभागी बसली तर कुणीच बोलेना. तीस पाठी, आणि चिडीचूप. दुसऱ्या दिवशी ती दारापाशी बसली, चार-दोन पुटपुटले. तिसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि पाठ फिरवून बसली.

तेव्हा एकेक आवाज सुटायला लागला.

आता तसंच चालतं. ती खिडकीबाहेर बघते. बाहेर सायकलींचा स्टँड आहे, एक नळ आहे, बघण्यासारखं काही नाही. मागे पोरं बोलत असतात. कुणाचा कुठला आवाज हे तिला ओळखता येत नाही, विचारताही येत नाही. कुणी चुकलं की तिचे खांदे पडू बघतात. ती ते धरून ठेवते. त्या गलक्यात कधी तरी तो जाडसर आवाज येतो, नितळ, आणि मादामचा हात मांडीवर जागच्या जागी उठतो, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग घंटा होते. ती मोजून बारा आकडे म्हणते, म्हणजे सगळ्यांना तोंड मिटायला वेळ मिळतो, आणि मगच खुर्ची वळवते.