जाळ्यात साहेब आउट होत नाही

“स्लो! अरे स्लो टाक!” साहेब बॅट हवेत नाचवत ओरडत होता आणि तोफमामा धावत सुटले होते. मामा एकदा सुटले की त्यांना आवरणं ट्रामच्या चार घोड्यांनाही जमलं नसतं. चेंडू गेला. मधली दांडी उखडली आणि गरगरत जाऊन मागच्या जाळ्यात अडकली. साहेब म्हणाला, “वेल बोल्ड!” आणि पुन्हा बॅट टेकून उभा राहिला. दांडी रोवायला मात्र मामाच गेले.

ही मामांची नोकरी. मैदानावरच्या साहेबांच्या क्लबात ते पगारी गोलंदाज होते. रोज संध्याकाळी सरावाच्या जाळ्यात साहेबलोकांना चेंडू टाकायचे. मूळचे प्रभादेवीच्या किनाऱ्यावरचे कोळी. वल्ही मारून मारून उजवा दंड असा फुगला होता की शिंपी त्यांच्या सदऱ्याच्या दोन बाह्या दोन मापांनी बेतायचा. खरं नाव देवाला आणि मामीला ठाऊक. दुपारी किल्ल्यातली तोफ झाली की निम्मी कबुतरं उडत आणि संध्याकाळी मामांचा चेंडू पडला की उरलेली उडत, म्हणून तोफमामा.

सुट्टीच्या दिवशी ते आमच्या गिरगावच्या क्लबातून खेळत. मी कचेरीत कारकून आणि मैदानात दांड्यांमागे उभा. मामांचे चेंडू झेलून एका मोसमात माझ्या तळहातावरच्या रेषा साफ पुसल्या गेल्या. ठाकूरद्वारच्या ज्योतिष्याने हात उलटसुलट करून सांगितलं, “हा गृहस्थ अजून जन्माला यायचा आहे.” ज्यांना हे खोटं वाटतं, त्यांनी तेव्हा माझ्या जागी उभं राहायला हवं होतं.

बूट त्यांनी कधी घातले नाहीत. साहेबांच्या क्लबाने दिलेली जोडी खांद्यावर टाकून ऐटीत आणायचे, कडेला ठेवायचे आणि अनवाणी धावायचे. कुणी टोकलंच तर म्हणत, “बूट सायबाचं हाय. पाय माझं हायत.”

मामांचं दुखणं एकच, साहेबांच्या क्लबाचा कप्तान. सहा फुटांचा, तांबूस मिशांचा. मामा त्याला लांबडा म्हणत. “भाच्या,” ते मला सांगत, “याला मी रोज उडवतो. पण जाळ्यात सायब आउट होत नाय. दांडी मीच रोवायची, नि तो परत उभा! एकदा, फकस्त एकदा, याला तंबूत चालत जाताना बघायचाय मला.”

एका हिवाळ्यात लांबड्याला हुक्की आली आणि त्याने आमच्या क्लबाला सामन्याचं आमंत्रण धाडलं. आदल्या संध्याकाळी मामांना जवळ बोलावून म्हणाला, “तू त्यांच्याकडून खेळ. पण मडमा बघायला येणार आहेत. माझी दांडी पडली, तर तुझी नोकरी पडली.”

मामांनी ही गोष्ट आम्हाला खदाखदा हसत सांगितली. आमचे कप्तान बापूराव मात्र हसले नाहीत. सामन्याच्या सकाळी त्यांनी मामांना हळूच बाजूला घेतलं. “मामा, जरा बेतानं टाका. आपण इथे पाहुणे.”

“पाहुणं तुमी,” मामा म्हणाले. “मी हितला पगारी.”

लांबडा खेळायला उतरला. मामा चेंडू घेऊन मागे मागे चालत निघाले. मला तर ते चर्नी रोडपर्यंत गेलेले दिसले. पुढे समुद्र लागला म्हणून वळले असावेत. पहिल्याच चेंडूला मधली दांडी उडाली. चेंडू माझ्या हातात येऊन बराच वेळ झाल्यावर साहेबांचा पंच ओरडला, “नो बॉल!”

लांबडा थांबला. दांडी कोण रोवणार? त्याने मामांकडे पाहिलं. मामा जागचे हलले नाहीत. “आज मॅच हाय,” ते म्हणाले. “ज्याची पडली त्यानं उचलावी.” शेवटी एवढ्या मोठ्या सरकारच्या पंचाला सगळ्यांदेखत वाकावं लागलं.

दुसऱ्या चेंडूला दोन दांड्या गेल्या. एक थेट मडमांच्या चहाच्या टेबलावर उतरली. किटलीची चोच तुटली, असं मी सांगतो, मडमा काहीही सांगोत. पंचाचं तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं.

आणि लांबडा? बिचाऱ्याला सवय! त्याने “वेल बोल्ड!” म्हटलं, बॅट टेकली आणि पुढच्या चेंडूसाठी वाकून उभा राहिला.

मग मामांचा आवाज घुमला, “सायब! चला!”

लांबडा कानापर्यंत लाल झाला आणि चालू लागला. मामा कमरेवर हात ठेवून, तो तंबूच्या कनातीआड जाईपर्यंत बघत राहिले. सामना आम्ही हरलो. त्या संध्याकाळी गिरगावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने उलटंच सांगितलं असतं.

सोमवारी शिपायाने मामांना फाटकावरूनच परत पाठवलं. मामा होडीवर गेले.

पुढे प्लेग आला. वाड्या ओस पडल्या, मासळी घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही. मामी भरलेली पाटी घेऊन जाई आणि बरीचशी भरलेलीच परत आणी. साहेबांचे नवे गोलंदाजही गावी पळाले. तेव्हा तोच शिपाई शोधत शोधत प्रभादेवीला आला. मी मामांच्या ओट्यावरच बसलो होतो. मामा फाटलेलं जाळं विणत होते.

“साहेबांनी सगळं माफ केलंय,” शिपाई म्हणाला. “उद्यापासून या. पगार वाढवून देणारेत.”

मामांनी दारातल्या मामीकडे पाहिलं. मामीने पदर कमरेला खोचला आणि पाटी उचलून ती बाजाराकडे चालू लागली.

“मग, साहेबांना काय सांगू?”

मामांनी दोऱ्याची गाठ दातांनी आवळली.

“सांग, मॅच असंल तवा बोलवा.”