रचना : पारंपरिक

आमच्या गायनमंडळात मला ‘परवानाबाई’ म्हणतात. माझ्या पाठीमागे, अर्थात. कार्यक्रमात गायचं गाणं कुणाचं, चाल कुणाची, परवानगी कुणाची लागते, हे आधी शोधून सभागृहाच्या फॉर्मवर लिहायचं, हे माझं काम. कुणी म्हणालं, “अहो, दोनच कडवी तर गायचीत,” की मी विचारायचे, “दोन कडव्यांची चोरी चोरी नसते का?” मला तेव्हा फार बरं वाटायचं. आता सांगताना तोंड लपवावंसं वाटतं.

कारण सांगायचं आहे ते मावशींविषयी. मावशी म्हणजे आमच्या तालमीच्या खोलीत झाडू-फरशी करणाऱ्या. ठेंगण्या, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खुर्च्या भिंतीला लावून त्या खिडकीपासून दारापर्यंत उलट्या पावलांनी पुसत यायच्या आणि पुसताना गायच्या, ‘ओलं आहे अंगण, बाळ, पाय जपून टाक.’ आवाज काही गोड नव्हता, पण चाल अशी की आम्ही घरी जाऊनही तीच गुणगुणायचो.

शेवटी आमच्या सरांनी ती समूहगानात बसवली. “शेकडो वर्षं जुनं असणार,” सर म्हणाले. “अंगण म्हणजे आयुष्य!” आम्ही माना डोलावल्या. फॉर्मवर रचनाकाराच्या रकान्यात मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘पारंपरिक’. पत्रिकेतही तेच छापलं गेलं. एरवी एका ओळीसाठी दहा जणांना फोन करणारी मी. पण चार हातांच्या अंतरावर बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रम झाला, टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी मावशी खुर्चीखाली सापडलेली कार्यक्रमपत्रिका घेऊन माझ्यापाशी आल्या.

“ताई, पारंपरिक म्हणजे काय हो?”

“म्हणजे... कुणी केलं ते माहीत नाही, असं जुनं गाणं.”

“माहीत आहे की. मीच केलं. पोरगी लहान होती, ओल्या फरशीवरून धावायची आणि आपटायची. ओरडून ऐकेना, मग गाऊन सांगितलं. अंगण आपलं उगाच. फरशी चालीत बसेना.”

सरांचं ‘आयुष्य’ असं एका फटक्यात पुसलं गेलं. एरवी मी पोट धरून हसले असते.

“मग विचारायचं नाही का?” मावशी म्हणाल्या. “सगळ्यांना विचारता की. फोनवर ऐकते ना मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं मावशी,” एवढंच कसंबसं बोलले. पुढच्या रविवारी तेच गाणं पुन्हा व्हायचं होतं. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकते, असं मी सांगितलं.

मावशींनी हातातल्या पत्रिकेची नीट घडी घातली. “गा. बरं गाता तुम्ही. पण कागदावर माझं नाव पाहिजे. पोरीला दाखवीन.”

“लिहितेच!” मी घाईघाईनं नवा फॉर्म पुढे ओढला, रकान्यात ‘मा’ लिहिलं आणि थांबले. अकरा वर्षं मी या बाईंना हाक मारत होते. त्यांचा गुडघा कुठला दुखतो ते मला ठाऊक होतं, पोरीची परीक्षा कधी ते ठाऊक होतं. मी ‘मा’ खोडलं. कान तापले होते, वर बघवेना.

“मावशी, तुमचं नाव काय हो?”

त्यांनी सांगितलं. आडनावासकट, सावकाश, लिहून घेणारीचं चुकू नये म्हणून एकेक अक्षर सुटं करून.